‘आणि’वरचा ठोका

जानेवारी २०२३मध्ये वाहन अभियांत्रिकीच्या एम.एस्सी.साठी मी कॉव्हेंट्रीला पोहोचलो, तेव्हा ते शहर एका गायकाच्या दुःखात होते. द स्पेशल्स या तिथल्या, स्का नावाचे संगीत वाजवणाऱ्या बँडचा गायक टेरी हॉल डिसेंबर २०२२मध्ये वारला होता, आणि ज्या पबमध्ये मला पुढे काम मिळाले, त्याच्या दारावर त्याचा फोटो आणि भोवती काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट्टा चिकटवलेला होता. स्का म्हणजे काय हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात शिकताना आणि नंतर नोकरी सांभाळून सहा वर्षे एका साऊंडवाल्या दादांकडे राबलो होतो. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे, लावणीचे कार्यक्रम, कॉलेजांची गॅदरिंग, लग्नांचे संगीत असे सगळे केले, आणि केबल गुंडाळणाऱ्या पोराचा मिक्सरवर, म्हणजे सगळे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर, बसणारा माणूस होईपर्यंत त्यांच्या शिव्याही पोटभर खाल्ल्या. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. त्यातले शुक्रवार-शनिवारच्या रात्रीचे तास मला या पबच्या मागच्या खोलीत मिळाले. तिथला मुख्य साऊंडवाला साठी उलटलेला, कमी बोलणारा गृहस्थ होता; तोंडावर मी त्याला इतरांप्रमाणे नावानेच हाक मारत असे, पण मनात मात्र त्याचे ‘काका’ झाले होते आणि इथेही मी तसेच लिहिणार आहे.

स्काचा आणि या शहराचा संबंध काकांनी पहिल्याच आठवड्यात केबल गुंडाळता गुंडाळता सांगितला. हे संगीत जमैकात १९५०च्या दशकाच्या अखेरीस जन्मले. किंग्स्टनच्या रस्त्यांवर स्पीकरांच्या भिंती उभ्या करून अमेरिकी रेकॉर्डी वाजवणाऱ्या साऊंड सिस्टीमवाल्यांमध्ये तेव्हा जबर चढाओढ होती, आणि त्यांच्यातल्याच कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांच्यासारख्या मंडळींनी पुढे स्थानिक वादकांना स्टुडिओत नेऊन स्वतःच्या रेकॉर्डी काढायला सुरुवात केली. म्हणजे हे संगीत पोसले ते साऊंडवाल्यांनी! हे ऐकून मला जो आनंद झाला तो लपवण्याचे कारण नाही. जमैकातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर स्का ब्रिटनमध्ये आले, आणि १९७९मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेरी डॅमर्सने टू टोन ही रेकॉर्ड कंपनी काढली, तेव्हा मोटार कारखान्यांच्या या गावातली काळी आणि गोरी पोरे एकाच रंगमंचावर उभी राहून ते पंक या आक्रमक रॉक संगीताच्या त्वेषाने वाजवू लागली. द स्पेशल्सबरोबर ट्रॉम्बोन वाजवणारे रिको रॉड्रिग्ज हे किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये शिकलेले होते. नन चालवत असलेल्या त्या शाळेत गरीब मुलांना बँडची वाद्ये शिकवत, आणि स्काच्या पहिल्या पिढीतले कितीतरी वादक तिथूनच बाहेर पडले. मला आमच्या ऑर्केस्ट्रातले गोव्याचे ट्रंपेटवाले अंकल आठवले. तेही गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आले होते आणि नव्या पोरांना ‘आधी वाचायला शिक’ म्हणून दटावत असत.

पुढे १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पोरांनी स्का आणखी वेगात, आणखी करकरीत गिटारींसह वाजवले. बर्कलीचा ऑपरेशन आयव्ही जेमतेम दोन वर्षे टिकला, फ्लोरिडाच्या गेन्सव्हिलमधला लेस दॅन जेक १९९२पासून वाजवत राहिला, आणि बोस्टनच्या द मायटी मायटी बॉसटोन्समध्ये तर एक सभासद असा होता, की त्याचे काम फक्त नाचणे हेच होते. आमच्या पबमध्ये दर महिन्याला वाजवणारा बँड या अमेरिकी, म्हणजे स्का-पंक घराण्यातला. त्यात नोकरीधंदा करून संध्याकाळी वाजवणारे आठ जण होते: गायक, गिटार, बास, ड्रम, ऑर्गन, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि टेनर सॅक्सोफोन. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. स्टेज बारा फूट लांब आणि आठ फूट खोल, त्यामुळे सॅक्सोफोनवाला कायम स्टेजच्या खाली, प्रेक्षकांत उभा राहून वाजवत असे.

मार्चमधल्या त्यांच्या कार्यक्रमाला काकांनी मिक्सर माझ्या हवाली केला. बारा चॅनेल, म्हणजे आवाजांच्या बारा वेगळ्या वाटा होत्या, आणि सहा वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी निर्धास्त होतो. तिन्ही फुंकवाद्यांना अगदी तोंडाशी माईक लावले, प्रत्येकावर आवाजातले चढउतार दाबणारा कॉम्प्रेसर टाकला, ड्रमच्या खर्जाला भरपूर जोर दिला, आणि गायकावर, फुंकवाद्यांवर, थोडा स्नेअर या चपट्या ड्रमवरही मोठ्या सभागृहाचा इको सोडला. आपल्याकडे स्टेजवर पाऊल ठेवल्याबरोबर गायकाचे पहिले वाक्य ‘दादा, जरा इको द्या’ हे असते. इको नसेल तर त्याला आपला आवाज उघडा पडल्यासारखा वाटतो, आणि प्रेक्षकांनाही तो कार्यक्रम स्वस्तातला वाटतो. माझा हात सवयीने तिकडे गेला यात नवल नव्हते.

पहिले गाणे सुरू झाले आणि खोलीत नुसता गडगडाट भरला. आठ माणसे जीव तोडून वाजवत होती, गायक उड्या मारत होता, पण समोरचे लोक हातात ग्लास घेऊन उभे होते. मी गिटार वाढवली. मग ट्रंपेट ऐकू येईना म्हणून ट्रंपेट वाढवले. मग गायक बुडाला म्हणून त्याला वाढवले. मग माईक शिट्टी मारू लागला. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर काका शांतपणे माझ्या खांद्यावरून हात लांबवून आले आणि त्यांनी इकोचे बटण बंद केले. त्यानंतर ड्रमचा खर्ज खाली ओढला आणि काही न बोलता परत बारकडे गेले. आवाज एकदम लहान झाला, आणि त्याच गाण्यात पुढची रांग हलायला लागली.

त्या रात्री मी खोलीवर जाऊन साधा हिशेब मांडला. या बँडची वेगवान गाणी मिनिटाला १८० ठोक्यांच्या आसपास जातात, म्हणजे एका ठोक्याला एक तृतीयांश सेकंद मिळतो आणि अर्ध्या ठोक्याला त्याच्याही निम्मा. मी लावलेला इको विरायला दीड सेकंद घेत होता. म्हणजे प्रत्येक सूर पुढचे साडेचार ठोके रेंगाळत होता आणि त्याच्या अंगावर नवे सूर येऊन पडत होते. संथ भावगीताला जे अंथरूण लागते, त्यात हे संगीत गुदमरते, एवढे कळले. पण नेमके काय गुदमरते हे कळले नव्हते, म्हणून मी त्यांच्या तालमीला येऊ का असे विचारले. साऊंडवाला स्वतःहून तालमीला येतो म्हणतो याचे त्यांना इतके आश्चर्य वाटले, की त्यांनी मला गाडीत घालून नेले.

तालीम शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात होती. मी गिटारवाल्याच्या समोर जमिनीवर बसलो आणि दोन तास त्याचे हात पाहिले. स्का मोजायचे ते असे: एक, आणि, दोन, आणि, तीन, आणि, चार, आणि. गिटार आकड्यांवर वाजतच नाही. ती फक्त ‘आणि’वर वाजते. त्याचा उजवा हात सारखा खाली-वर होत होता, पण खाली जाताना बोटांतली छेडायची पट्टी तारांना टेकत नव्हती, वर येतानाच ती छेडत होती. खरी करामत डाव्या हातात होती. तार छेडली गेली, की त्याच क्षणी त्याची बोटे स्वरावरचा दाब सोडत, पण तारांवरून उठत नसत. त्यामुळे सूर जन्मताच मिटत असे आणि ‘चँक्’ असा आखूड, कोरडा ठोका हाती येई. दोन ठोक्यांच्या मधली ती कोरी जागा तो उजव्या हाताइतकीच डाव्या हाताने वाजवत होता. आपल्या तबल्यात खालीच्या मात्रेला डग्गा गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यामुळेच समेवर पोहोचल्याचे सुख मिळते, तसे काहीसे. फरक इतकाच, की इथे माणसाचे पाऊल आकड्यावर पडते आणि गिटार त्याला ‘आणि’वर पुन्हा उचलते. नाचणारा माणूस सतत वर फेकला जातो तो यामुळे. त्या कोऱ्या जागेत इको, खर्जाची घुमी किंवा कशाचीही शेपटी शिरली, की उचलणारा हात निसटतो.

गाण्याच्या ध्रुवपदावर मात्र सगळे बदलते. गिटारवाला पायातले बटण दाबतो, स्वच्छ गिटार एकाएकी करकरीत आणि भरीव होते, ड्रमर दुप्पट धावू लागतो, आणि नुकताच ‘चँक्’ करणारा माणूस आता प्रत्येक अर्ध्या ठोक्यावर तारा घासू लागतो. स्का-पंकची सारी मजा या झेपेत आहे, आणि साऊंडवाल्याची सारी डोकेदुखीही. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनचा चमकदार भाग खर्ज आणि टिपेच्या मधल्या ज्या पट्टीत असतो, तिथेच ही करकर येऊन बसते आणि फुंकवाद्ये डोळ्यांदेखत गायब होतात. पहिल्या रात्री मी फुंकवाद्ये वाढवत गेलो, ती चूक होती. करायचे होते उलटे. गिटारच्या चॅनेलवर मधल्या पट्टीत एक खळगा पाडायचा, म्हणजे तेवढाच भाग कमी करायचा, आणि त्याआधी गिटारवाल्याला करकर थोडी कमी करायला राजी करायचे.

राजी करणे हे काम तंत्रापेक्षा अवघड असते. कोणत्याही देशातला गिटारवाला आपला ॲम्प, म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर, कमी करत नाही. एप्रिलमधल्या कार्यक्रमाआधी मी त्याला काही न सांगता ॲम्प एका बिअरच्या रिकाम्या क्रेटवर तिरपा ठेवला. इतके दिवस तो ॲम्प जमिनीवर असल्याने त्याच्या पोटऱ्यांना ऐकू येत होता आणि पहिल्या रांगेच्या पोटात शिरत होता. आता तो थेट त्याच्या कानांत शिरला. ‘आज हा फार ओरडतोय,’ असे म्हणून त्याने स्वतःच बटण मागे फिरवले. काका लांबून पाहत होते; त्यांनी ग्लास किंचित वर केला.

फुंकवाद्यांविषयी मी पुण्याला दादांना फोन केला. ते म्हणाले, ‘अरे वेड्या, वरातीतल्या बँडला कधी माईक पाहिलास का? त्यांना मोठं करायचं नसतं, त्यांना नुसतं जागेवर बसवायचं असतं. माईक लांब घे.’ त्याप्रमाणे ट्रंपेटचा माईक मी वीतभर मागे घेतला. ट्रॉम्बोनचा प्रश्न वेगळा होता, कारण त्याची नळी पुढे सरकली की हातभर जागा खाते. पहिल्या कार्यक्रमात बाईंच्या नळीने माईकचे स्टँड दोनदा आडवे केले होते, म्हणून मी ते बाजूने आणून भोंग्याच्या कडेला रोखले. सॅक्सोफोनचे वेगळेच असते: ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनचा सगळा सूर भोंग्यातून बाहेर पडतो, पण सॅक्सोफोनचा बराचसा सूर अंगावरच्या उघड्या भोकांतूनही येतो, म्हणून माईक भोंग्यात खुपसला तर नुसती घोगरी खरखर मिळते. तो थोडा दूर, भोंगा आणि चाव्यांच्या मध्ये पाहील असा धरावा लागतो. आणखी एक गोष्ट कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. ट्रंपेट-ट्रॉम्बोनमध्ये साचलेले पाणी वादक दर दोन गाण्यांनी खालच्या झडपेतून जमिनीवर सांडतात, आणि बाईंच्या पायाशी माझ्या केबलींचा जोड होता. दोन गाण्यांनंतर मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचे ऐकू यावे म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर, का चुरचुरतो हे शोधायला मला वाकून बोट ओले करून घ्यावे लागले. पुढच्या वेळी मी तिथे जुना टॉवेल अंथरला, तो बाईंना इतका आवडला की तो त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवून दिला.

गायकाशी माझे शेवटपर्यंत पूर्ण जमले नाही. माईकची जाळी मुठीत गच्च धरून गाण्याची त्याला सवय होती. त्यामुळे माईकच्या मागची छिद्रे बुजतात, तो सगळीकडचा आवाज घेऊ लागतो आणि समोरच्या मॉनिटरला शिट्टी मारतो. हे त्याला चार वेळा समजावून सांगितले. चारही वेळा त्याने मान हलवली आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत मूठ पुन्हा वर सरकली. अखेर माईकच्या मानेवर मी खडबडीत चिकटपट्टीचा जाड वेढा दिला, म्हणजे हात वर सरकताना निदान त्याला अडखळल्यासारखे व्हावे. निम्मा उपयोग झाला.

मे महिन्यातला कार्यक्रम मात्र लक्षात राहिला तो वेगळ्याच कारणाने. पबच्या मागे लोकवस्ती असल्यामुळे खोलीच्या छताला एक आवाज-मर्यादक बसवलेला होता. हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे, आणि लाल दिवा काही सेकंद टिकला की स्टेजकडची वीज बंद. इथल्या आवाजाच्या नियमांचा मला एरवी आदरच आहे. कामाच्या जागेवरच्या आवाजाविषयी ब्रिटनमध्ये २००५चे नियम आहेत आणि रोजची सरासरी ८५ डेसिबलवर गेली, की कानांचे रक्षण करणे मालकावर बंधनकारक होते. बारवरच्या पोरीपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना कानात घालायचे बोळे मिळत. पुण्यात मिरवणुकीच्या रात्री स्पीकरच्या भिंतीसमोर कापूस घालून उभे राहण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण या यंत्राला बँड आणि प्रेक्षक यांतला फरक कळत नव्हता. शेवटून दुसऱ्या गाण्यात शंभराच्या वर माणसे एकदम गाऊ लागली, माझा मुख्य फेडर, म्हणजे एकूण आवाज वर-खाली करणारी मिक्सरवरची खिट्टी, जिथल्या तिथे असताना दिवा लाल झाला, आणि गिटार, बास, ऑर्गन, सगळे माईक क्षणात मुके झाले.

बँड थांबला नाही. ड्रमला वीज लागत नाही, ट्रंपेटला लागत नाही, ट्रॉम्बोनला लागत नाही. सॅक्सोफोनवाला गर्दीतच उभा होता, तो तिथेच गोल फिरत वाजवू लागला. गायकाने माईक फेकला आणि स्टेजच्या काठावर बसून लोकांना गायला लावले. गिटारवाल्याच्या हातात मुकी गिटार राहिली, तेव्हा त्याने ती पाठीवर टाकली आणि डोक्यावर हात नेऊन टाळ्या सुरू केल्या. त्या टाळ्या आकड्यांवर नव्हत्या, ‘आणि’वर होत्या. पहिल्या दोन ओळींना लोकांचे चुकले, कारण टाळी स्वभावतः ठोक्यावर पडते. मग पुढची रांग त्याच्याबरोबर गेली, तिच्यामागून उरलेली खोली गेली, आणि पाय एकीकडे, टाळ्या दुसरीकडे अशा रीतीने ती सगळी गर्दी वर-खाली होऊ लागली. साताऱ्यात पालखीच्या वेळी लाइट गेल्यावर टाळ-मृदंगाला जसा जास्तच चेव येत असे, तसे झाले.

हे मी पाहत होतो, पण हात मोकळे नव्हते. मिक्सर वेगळ्या जोडणीवर असल्याने चालू होता, म्हणून आधी मुख्य फेडर पूर्ण खाली ओढला. नाहीतर वीज परतताना स्पीकरमधून जो धमाका होतो, त्याने लाल दिवा पुन्हा पेटला असता. काका किल्ली घेऊन यंत्राकडे गेले. त्या दीड-दोन मिनिटांत मला ती तिन्ही फुंकवाद्ये पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या आवाजात, त्याच भरलेल्या खोलीत ऐकायला मिळाली. तालमीत ऐकली होती, पण रिकाम्या गाळ्यात. माणसांनी भरलेली खोली वरचे तीक्ष्ण सूर शोषून घेते आणि वाद्यांची चव बदलते. ट्रंपेटला माझ्या मदतीची जवळजवळ गरज नव्हती. ट्रॉम्बोनला थोडी होती, आणि सॅक्सोफोनला बरीच, कारण तो माणसांच्या खांद्यांच्या पातळीखाली वाजत होता. वीज आल्यावर फेडर वर नेताना मी ट्रंपेट आधीच्या निम्म्यावर थांबवले, सॅक्सोफोन वर घेतला, आणि तिन्ही वाद्यांतून एकच वाद्य तयार झाल्यासारखे वाटले. शेवटचे गाणे दिवा पिवळ्यावर ठेवून निभावले. लोकांना ते आधीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठ्याने वाजल्यासारखे वाटले, हे बारवरच्या पोरीने मला दोनदा सांगितले.

त्यानंतर सप्टेंबरपर्यंत त्यांचे चार कार्यक्रम मी केले. मिक्सरवर चॅनेलांची नावे लिहायच्या पांढऱ्या पट्टीवर गिटारच्या जागी मी देवनागरीत ‘आणि’ लिहीत असे. ते कुठल्या बँडचे नाव आहे, असे एका पाहुण्या साऊंडवाल्याने विचारले होते. इको मी पुन्हा लावला तो एकदाच, एका संथ गाण्याच्या शेवटच्या सुरावर, तोही काकांकडे पाहून, आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली ही मी परवानगी समजलो.

शेवटच्या कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग मिक्सरवरून काढून मी दादांना पाठवले आणि मोठ्या उत्सुकतेने उत्तराची वाट पाहिली. दोन दिवसांनी त्यांचा संदेश आला: ‘ट्रंपेट झकास बसलंय. बाई कोण वाजवते ती, दमदार आहे. पण गाणाऱ्या पोराला इको का नाही दिलास रे?’